फायरप्लेसची निगा: राखेपासून धुराड्याच्या टोकापर्यंत

ऑक्टोबर उजाडला की मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी हमखास विचारतं, "नव्या घरात फायरप्लेस आहे. पेटवली तर चालेल ना?" उत्तरं ठरलेली. एक म्हणतो, "बिनधास्त!" दुसरी म्हणते, "आम्ही तिच्यात समया मांडतो." तिसरा म्हणतो, "नको रे बाबा, मागच्या वर्षी सगळं घर धुराने भरलं होतं." तिघंही खरं बोलतात, पण विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या घरात आमचे बरेच हिवाळे गेले. त्या घरातल्या विटांच्या फायरप्लेसने जे शिकवलं ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आपल्यातल्या पुष्कळांनी आजोळी चूल पाहिलेली असते, त्यामुळे विस्तवाचं भय वाटत नाही. त्या ज्ञानातलं अर्धं इथे कामी येतं आणि अर्धं गोत्यात आणतं. चुलीचा धूर स्वयंपाकघरात फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. काजळी कुठे धरलीय ते मान वर केली की आढ्यावर दिसायचं. इथे तोच धूर वीसेक फुटांच्या थंडगार नळीतून वर चढतो आणि नजर कधीच जात नाही अशा जागी चिकटून बसतो. फायरप्लेस साफ करायची म्हटलं की नवखा माणूस राख काढतो, पुढच्या विटा पुसतो आणि काम झालं असं समजतो. खरी काळजी घ्यायची ती त्या न दिसणाऱ्या भागाची.

आधी काय आहे ते ओळखा

घर घेताना एजंट नुसतं "फायरप्लेस आहे" एवढंच सांगतो. ती लाकडाची की गॅसची, हे आपण बघायचं. आतली लाकडं उचलून पाहा. ती जागची हलत नसतील, खाली बर्नरची नळी दिसत असेल किंवा शेजारच्या भिंतीत किल्लीने फिरवायची तोटी असेल, तर ती गॅसची आहे. तिच्यात लाकूड जाळायचं नाही आणि हा लेखही तिच्यासाठी नाही.

लाकडाची असेल तर तिचे दोन प्रकार असतात. एक खरीखुरी विटांनी बांधलेली, जिच्या चिमणीत, म्हणजे धुराड्यात, आतून मातीच्या भाजलेल्या चौकोनी नळ्या बसवलेल्या असतात. दुसरी कारखान्यात तयार झालेली पत्र्याची पेटी, जिच्या आतल्या 'विटा' म्हणजे विटांचा छाप मारलेले तक्ते असतात आणि वर धातूची गोल नळी. फरक ठाऊक असलेला बरा, कारण पत्र्याच्या पेटीत काजळीचा जरा जरी थर दिसला तरी तो ताबडतोब काढावा लागतो आणि तिचे तक्ते तडकले तर हाताला येईल तो मसाला भरून भागत नाही.

पहिला विस्तव पेटवायच्या आधी एकदा जाणकाराकडून तपासणी करून घ्या. अमेरिकेत नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक आहे. त्यात चिमणीची तपासणी दरवर्षी करावी असं सांगितलंय, आणि घराची मालकी बदलली की दुसऱ्या पातळीची, म्हणजे नळीत कॅमेरा सोडून होणारी तपासणी. घर विकत घेताना जो सर्वसाधारण होम इन्स्पेक्टर येतो तो टॉर्च मारतो, धुराची वाट उघडबंद करणारी झडप हलवून पाहतो आणि पुढे जातो. त्यावर विसंबू नका. चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचं प्रमाणपत्र असलेला माणूस शोधा. आणि त्याला एप्रिल-मेमध्ये बोलवा. ऑक्टोबरमध्ये सगळ्या गावाला एकदमच थंडी आठवते, आणि मग तारीख मिळते ती थेट नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरची.

साफसफाईची सुरुवात लाकडापासून

काजळीचा विषय काढून मी लाकडावर का घसरलो, असं वाटेल. पण चिमणीत काय साठणार ते लाकूड विकत घेतानाच ठरून जातं.

ताज्या तोडलेल्या झाडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. असं ओलं लाकूड पेटवलं की उष्णता पाणी उकळण्यातच खर्च होते. विस्तव धुमसतो आणि धूर गार होऊन वर जातो. नळीत धुराचं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्यातली न जळलेली डांबरी द्रव्यं भिंतीवर गोठतात. यालाच क्रिओसोट म्हणतात. हे क्रिओसोट स्वतः उत्तम जळतं, आणि चिमणीला आग लागते ती त्यामुळेच.

लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. तो मोजायचं दोन काट्यांचं छोटं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. मोजताना ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर काटे टोचा. बाहेरची साल नेहमीच कोरडी भासते. मीटर नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या लाकडाचा 'टण्' असा खणखणीत आवाज येतो, तर ओलं 'थप्प' करून गप्प बसतं. वाळलेल्याच्या टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगाही पडलेल्या असतात. विकणारा "सीझन्ड आहे", म्हणजे नीट वाळवलेलं आहे, असं शपथेवर सांगेल. ऐकून घ्या आणि तरी मोजा. ओकसारखं कठीण लाकूड फोडून रचल्यावरही नीट वाळायला एक-दोन वर्षं घेतं, त्यामुळे 'याच उन्हाळ्यात तोडलेला ओक' म्हणजे पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या हिवाळ्याचं जळण. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांचं काम थोडं सोपं आहे. तिथे मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ओलावा २० टक्के किंवा त्याहून कमी असावा लागतो, आणि 'रेडी टू बर्न'चा शिक्का बघून घेता येतो.

मापाचंही बघा. पूर्ण कॉर्ड म्हणजे ४ फूट उंच, ४ फूट रुंद, ८ फूट लांब अशी रास, एकूण १२८ घनफूट. 'फेस कॉर्ड' म्हणून जी रास देतात ती पुढून तेवढीच दिसते, पण खोली एका ओंडक्याएवढीच असते. पैसे द्यायच्या आधी नेमकं काय मिळणार ते विचारा.

रास जमिनीपासून उचलून फळ्यांवर रचा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा म्हणजे वारा खेळेल. घराच्या भिंतीला टेकवून रचू नका, वाळवीला आयतं आमंत्रण मिळतं. घरात एका दिवसापुरतंच लाकूड आणा, नाहीतर त्यातले मुंगळे उबेने जागे होऊन सोफ्यावर येतात. आणि कॅम्पिंगहून येताना गाडीच्या डिकीत लाकडं भरून आणू नका. ॲश नावाच्या झाडांचा फडशा पाडणारा हिरवा भुंगेरा मिशिगनमध्ये २००२ साली सापडला, तो पुढे राज्याराज्यांत पसरला त्यात अशा जळणाच्या ने-आणीचा मोठा हात होता.

काय जाळायचं नाही, तेही सांगून टाकतो. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, म्हणजे डेकच्या, उरलेल्या फळ्या (जुन्या फळ्यांवर आर्सेनिकची प्रक्रिया केलेली असते), पिझ्झाचे खोके आणि भेटवस्तूंचे चमकदार कागद. हे कागद भसकन पेटून उडत वर जातात आणि तिथे क्रिओसोट वाटच बघत असतं.

राख: इथे आजी बरोबर होती

रात्री चूल निजवताना आजी निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी राख उकरली, फुंकणीने दोन फुंका मारल्या की विस्तव हजर. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसंही इथे येऊन सकाळची 'गार' राख कागदी पिशवीत भरतात आणि गराजमध्ये ठेवून देतात. घर पेटवायची ही सर्वात सोपी रीत. राखेत दडलेला निखारा कित्येकदा तीन-चार दिवस जिवंत राहतो.

राख काढायची पद्धत अशी. शेवटचा विस्तव विझून निदान एक पूर्ण दिवस, शक्यतो दोन, जाऊ द्या. खाली जुनी चादर अंथरा. खिडकी बंद ठेवा, नाहीतर झुळूक आली की राख हॉलभर. लोखंडी फावडीने हळूहळू, न उधळता, राख पत्र्याच्या बादलीत भरा. बादलीला घट्ट झाकण हवं. झाकण लावून बादली घराबाहेर, घरापासून किमान १० फूट लांब, दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवा. लाकडी डेकवर कधीच नाही. टाकून द्यायच्या आधी तिथे आठवडाभर राहू द्या, घाई कसली?

घरातला व्हॅक्यूम क्लीनर राखेजवळ आणू नका. एखादा निखारा आत गेला तर पिशवी पेटते. नाही गेला तरी राख इतकी बारीक असते की साध्या फिल्टरमधून निसटून ती पंख्याबरोबर घरभर फिरते. राखेसाठी धातूचे वेगळे व्हॅक्यूम मिळतात, आणि तेही गार राखेसाठीच.

हिवाळा चालू असताना सगळी राख खरवडून काढू नका. इंचभर थर तळाला राहू दिला तर निखारे जास्त वेळ तग धरतात आणि तळाच्या विटांना थेट आच लागत नाही. मात्र राख लाकडं ठेवायच्या लोखंडी जाळीला टेकेपर्यंत वाढू देऊ नका. खालून हवा खेळली नाही की जाळीचे गज तापून वाकतात. मोसम संपल्यावर मात्र शेवटचा कणही काढायचा. उन्हाळ्याच्या दमट हवेत राख पाणी शोषते आणि त्या खारट पाण्याने लोखंड गंजतं.

उरलेली राख बागेत चालते, पण जपून. ती मातीचा आंबटपणा कमी करते. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात मूठभर पसरलीत तर बरं, ब्लूबेरी आणि अझेलियाच्या बुडाशी टाकलीत तर झाड रुसेल. रंगीत किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाची राख भाज्यांना कधीच घालू नये. बर्फ गोठून निसरड्या झालेल्या ड्राइव्हवेवर राख फेकली तर पायाला पकड मिळते. फक्त घरात शिरताना बूट बाहेर काढा.

आतल्या विटा, काच आणि दर्शनी भाग

आतल्या विटा लख्ख करण्याच्या फंदात पडू नका. ताठ, कोरड्या ब्रशने वरून खाली काजळी झाडा, एवढं पुरे. त्याच वेळी सांधे बघा. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर चुना भुसभुशीत होऊन पडत असेल तर तो सांधा पुन्हा भरायला हवा, तोही उष्णतेला टिकणाऱ्या रिफ्रॅक्टरी मसाल्याने. साधं सिमेंट काही मोसमांत फुटून बाहेर येतं. विटा गरम असताना त्यांवर पाणी मारायचं नाही, तडा जातो.

काचेच्या दारांसाठी बाजारात फेसाळ द्रावणं मिळतात. ती आणण्याआधी कंदिलाची काच कशी पुसायचो ते आठवा. वर्तमानपत्राचा बोळा ओला करा, चाळलेल्या मऊ राखेत बुडवा आणि गोल गोल घासा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून घ्या. राखेत खडा असेल तर ओरखडा उठतो, म्हणून चाळणी विसरू नका. काच पूर्ण गार असली पाहिजे.

बाहेरच्या विटांवरचे धुराचे डाग काढताना विटा आधी साध्या पाण्याने भिजवा. कोरडी वीट काळं पाणी पिऊन घेते आणि डाग कायमचा बसतो. मग कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. पुढे संगमरवर लावलेला असेल तर व्हिनेगर, लिंबू असलं आंबट काहीही त्याच्याजवळ नेऊ नका, चकाकी मरते.

चिमणीच्या आत

आता मुख्य गोष्ट. गॉगल आणि मास्क लावा. मास्कबद्दल हसू नका. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यवैद्याने १७७५ साली चिमण्या साफ करणाऱ्यांतल्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. एखादा धंदाच कर्करोगाला कारण होऊ शकतो, हे दाखवणारं ते पहिलं उदाहरण मानतात.

फायरप्लेस गार असताना वरची झडप उघडा. तिला इथे डँपर म्हणतात. ती पूर्ण उघडते का आणि गच्च बसते का ते हलवून पाहा. मग फोनचा टॉर्च चालू करून व्हिडिओ लावा आणि फोन फावडीवर कॅमेरा वर येईल असा ठेवून आत सरकवा. मान मोडून बघण्यापेक्षा हे बरं. झडपेच्या वरच्या भिंतीवर सळईच्या टोकाने एक रेघ ओढा. रेघ ३ मिलिमीटर, म्हणजे एक अष्टमांश इंच, खोल गेली तर चिमणी साफ केल्याशिवाय पुन्हा पेटवायची नाही.

थर कसा आहे तेही बघा. भुकटीसारखी मऊ काजळी ब्रशने निघते. काळे, चकचकीत, कुरकुरीत पापुद्रे असतील तर काम जड आहे. आणि भिंतीवर डांबर ओतून गोठल्यासारखी गुळगुळीत काळी झिलई दिसली तर ब्रशला ती दाद देत नाही, तिथे माणूसच बोलवायचा. दुकानात 'चिमणी साफ करणारा ओंडका' मिळतो. तो जाळला की थर थोडा सुकून सैल होतो हे खरं, पण सुटलेला थर खाली पाडायला ब्रश लागतोच.

स्वतः ब्रश मारायची हौस असेल तर माझं मत असं: पहिल्या वर्षी नको. जाणकार करतो ते शेजारी उभं राहून बघा, प्रश्न विचारा. दुसऱ्या वर्षी करायचं ठरवलंत तर खालून करा, छपरावर चढू नका. नळीच्या आतल्या मापाचा ब्रश घ्या. मातीच्या नळीला तारेचा, स्टीलच्या अस्तराला नायलॉनचा. फायरप्लेसचं तोंड प्लास्टिकने झाकून चारी बाजूंनी टेपने चिकटवा. एका भोकातून लवचिक दांडा आत घाला आणि एकेक तुकडा जोडत टोकापर्यंत न्या. वर-खाली चार-पाच वेळा. मग निदान तासभर काही उघडू नका, धूळ बसू द्या. झडपेच्या मागे एक कट्टा असतो. पडलेली अर्धी काजळी तिथेच साठते आणि नवखे तीच विसरतात.

एवढं करूनही चिमणीला आग लागलीच, तर आगगाडी छपरावरून जातेय असा घरघराट होतो. कधी आवाज न होता आतल्या आतही जळत राहते. आवाज आला की सगळ्यांना बाहेर काढा आणि आणीबाणीच्या ९११ क्रमांकाला फोन करा. पाणी ओतायला धावू नका. आग विझली तरी कॅमेऱ्याची तपासणी झाल्याखेरीज ती चिमणी वापरायची नाही.

धूर उलटा का येतो

हा अनुभव आमचाही. एका शनिवारी पाहुणे बसले होते, फायरप्लेस छान पेटली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन मिरचीचा ठसका उठू नये म्हणून शेगडीवरचा मोठा पंखा पूर्ण वेगाने लावला आणि फोडणी घातली. पाच मिनिटांत हॉलमध्ये धूरच धूर. हल्लीची घरं इतकी बंदिस्त असतात की पंखा घरातली हवा बाहेर फेकतो तेव्हा तिची भरपाई करायला दुसरी वाट उरत नाही, मग हवा चिमणीतून खाली येते, धुरासकट. फोडणी आणि फायरप्लेस यांतलं एकच काहीतरी एका वेळी चालू ठेवा. दोन्ही हवंच असेल तर जवळची खिडकी इंचभर उघडी ठेवा.

दुसरं कारण म्हणजे थंड चिमणी. नळीतली गार, जड हवा खाली दाबत असते. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून झडपेपाशी मिनिटभर धरा. ज्योत वर ओढली गेली की समजायचं, वाट मोकळी झाली. मग लाकडं. आपण चुलीत खाली काटक्या आणि वर जाड लाकूड ठेवतो. इथे उलटं करून बघा. जाड ओंडके खाली, त्यावर बारीक ढलप्या, सगळ्यात वर काटक्या आणि कागद, आणि पेटवायचं वरून. विस्तव हळूहळू खाली उतरतो, धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि काजळी कमी धरते.

झोपायला जाताना ऊब वाचवायच्या मोहाने झडप लावू नका. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला वासही नसतो आणि रंगही. राख पूर्ण गार झाल्यावरच झडप बंद. घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म हवाच. महिन्यातून एकदा बटण दाबून तो ओरडतो का ते बघा.

छपरावर, पण जमिनीवरून

दुर्बीण असेल तर अंगणातून पाहा. चिमणीच्या डोक्यावर जाळीची टोपी आहे का? नसेल तर पाऊस, खारी आणि रॅकूनसारखे प्राणी सरळ आत येतात. विटांवर पांढरी पूड दिसते का? आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, म्हणजे आत पाणी मुरतंय. कोकणात पाणी मुरलं की भिंत ओली राहते. इथे ते पाणी विटेत गोठतं, फुगतं आणि विटेचे पोपडे काढतं. डोक्यावरच्या काँक्रीटला बारीक चीर असतानाच दुरुस्ती स्वस्तात होते.

वसंतात आतून फडफड ऐकू आली तर तुमच्या चिमणीत चिमणीएवढेच पक्षी राहायला आले असण्याची शक्यता आहे. चिमनी स्विफ्ट असं त्यांचं नावच आहे. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. अंडी-पिल्लं असताना घरटं काढता येत नाही. झडप बंद करून कलकलाट सोसा. शरद ऋतू लागला की ते आपणहून दक्षिण अमेरिकेकडे निघून जातात. मग चिमणी साफ करून घ्या आणि टोपी बसवा.

मोसम संपला, राख निघाली, झडप लागली, की आमच्याकडे तिच्या दांडीला सुतळीने एक चिठ्ठी बांधतो: 'झडप बंद आहे. पेटवण्याआधी उघडा.' घरात सगळ्यांना हे ठाऊकच असतं. तरीही बांधतो.